मधुमती नावाचा महंमद

'अलिबागसे आया है क्या?' हा प्रश्न मुंबईत ज्याला कधी विचारला गेला नाही असा कोकणी माणूस विरळा. विचारणाऱ्याला उत्तर नको असते. समोरचा बावळट आहे एवढेच त्याला सुचवायचे असते. अलिबागच्या एका गृहस्थांना हे इतके लागले की, या वाक्यावर बंदी आणावी म्हणून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद प्रत्येकच समाजावर होतात, ते मनाला लावून घेऊ नयेत, असा सल्ला तेवढा मिळाला. सल्ला शहाणपणाचाच होता. पण त्या प्रश्नातला 'आया है' हा भाग मला मात्र गेली कित्येक वर्षे छळतो आहे. कोण कुठून आला?

अलिबागचेच घ्या. जुने गॅझेटिअर सांगते की, अली नावाचा एक श्रीमंत मुसलमान इथे राहत होता, त्याने विहिरी खणल्या, बागा लावल्या, म्हणून ही अलीची बाग. त्याच भागातले बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी, सांगतात की तो अली नव्हेच, तो एली. म्हणजे त्यांच्यातला. दोन्ही बाजूंकडे पुरावा सारखाच आहे : बाग. विहिरीचे पाणी पिऊन ते अलीचे की एलीचे हे ओळखण्याची सोय नसल्यामुळे हा वाद आजवर गोडीगुलाबीने चालू आहे. एका गावाच्या नावावरून मुसलमान आणि यहुदी यांनी इतक्या शांतपणे भांडावे, असे जगात दुसरे ठिकाण असेल तर मला माहीत नाही.

मी अलिबागचा नव्हे, बाणकोट खाडीच्या काठचा. रायगड जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. दरवर्षी हिवाळ्यात मुलांना घेऊन चौलला जायचा माझा परिपाठ होता. चौलमध्ये बघायला काय, तर नारळी-पोफळीच्या वाड्या, पडझड झालेला हमामखाना, एक जुनी मशीद, रामेश्वराचे देऊळ, आणि पलीकडे रेवदंड्याला पोर्तुगीजांची तटबंदी. मुलांना यातले काही आवडत नसे. त्यांना समुद्रावर सोडले की झाले.

२००३ सालच्या सहलीतली गोष्ट. परतीच्या एस.टी.त आठवीतला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. वर्गात पाठीमागे बसणारा, खाडीकाठच्याच गावचा. नाव महंमद. त्याने हळूच विचारले, "सर, आपण कुठून आलो?"

मी म्हटले, "चौलहून. आता पोयनाड येईल."

"तसं नाही सर. तो म्हणतो, तुम्ही बाहेरून आलात. मी म्हटलं, आम्ही म्हसळ्याचे. तर म्हणतो, त्याच्या आधी?"

'तो' म्हणजे त्याचा बाकावरचा दोस्त. भांडण वगैरे काही नव्हते. दोघे एकाच डब्यातली सुकट खात होते. पण प्रश्न डोक्यात शिरला होता आणि पोराचा चेहरा पडला होता. पुस्तकातला धडा मीच आदल्या महिन्यात शिकवला होता : सिंध, मग गझनी, मग घोरी, मग दिल्ली. खैबरखिंडीतून घोड्यांच्या टापा वाजत येतात आणि पान संपते. त्या पानावर म्हसळे कुठेच नव्हते. मी त्याला म्हटले, "सोमवारी वर्गात सांगतो." सोमवारी जे सांगितले तेच इथे जरा विस्ताराने लिहितो आहे.

ज्या चौलहून आम्ही परतत होतो, त्या चौलला हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, बगदादचा एक भटक्या माणूस येऊन गेला. त्याचे नाव अल-मसूदी. अरबांच्या जिभेला 'चेमूल्य' जमेना, म्हणून ते चौलला सैमूर म्हणत. इथल्या राष्ट्रकूट सम्राटाला ते बल्हरा म्हणत. मूळ शब्द वल्लभराज. मसूदीने सैमूरचा स्थानिक राजाही नोंदला आहे : झंझ. हा शिलाहार घराण्यातला झंझ राजा. शिलाहारांच्या ताम्रपटांत त्याची कीर्ती वेगळ्याच कारणाने आहे. त्याने शंकराची बारा देवळे बांधली.

तर या बारा शिवालयांच्या राजाच्या बंदरात मसूदीला दहा हजारांच्या आसपास मुसलमान भेटले. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे व्यापारी तर होतेच. पण त्याखेरीज एक वर्ग होता, त्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. म्हणजे याच भूमीवर मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले. मी हे वाचून वर्गात थांबलो आणि फळ्यावर वजाबाकी करून दाखवली. महमूद गझनवीची सोमनाथवरची स्वारी १०२६ची. त्याच्या एकशेदहा वर्षे आधी चौलमध्ये असे मुसलमान होते की, ज्यांची जन्मभूमी चौलच होती. इथेच जन्मले, इथलाच भात खाल्ला, आणि इथल्याच भाषेत बाजारात घासाघीस केली असणार.

त्यांचे आपसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. मसूदी आला तेव्हा या पदावर अबू सईद मारूफ बिन जकरिया हे गृहस्थ होते. बल्हराचे राजे चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षे राज्य करतात, ते मुसलमानांना मानाने वागवतात म्हणूनच, अशी लोकांची समजूत असल्याचेही मसूदी लिहितो. यात पाहुण्याचा थोडा आपमतलब दिसतो. राजांची आयुष्ये त्यांच्या पचनशक्तीवर अवलंबून असतात असे माझे मत आहे.

मसूदीची दृष्टी मोठी खोडकर. सैमूरच्या आदल्या वर्षी तो खंबायतला होता. तिथले त्याला काय लक्षात राहिले? चपला! खंबायतच्या चपला चालताना करकर वाजतात आणि त्यासाठीच त्या प्रसिद्ध आहेत, असे तो लिहितो. या चपला आसपासच्या गावांतही होत, संजानला आणि सोपाऱ्याला. सोपारा म्हणजे आपल्या वसईजवळचे नालासोपारा. वाजणारी वहाण घालून ऐटीत चालायची हौस आपल्याकडे कोल्हापूरपासून सुरू झाली असे मी समजत होतो. ती निदान हजार वर्षांपूर्वीची आणि समुद्रकाठची निघाली.

इथवर वर्ग ऐकत होता, पण मागच्या बाकावर चुळबुळ सुरू झाली होती. मग मी ती गोष्ट काढली, जिच्यामुळे पुढे सगळा घोटाळा झाला.

पालघर जिल्ह्यात (त्या वेळी तो ठाणे जिल्हाच होता) डहाणूजवळ चिंचणी नावाचे गाव आहे. तिथे काही ताम्रपट सापडले. १९५०च्या दशकात दिनेशचंद्र सरकार या नामवंत पुराभिलेखतज्ज्ञांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत जुना शक ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा. मसूदी येऊन गेल्यानंतर दहा वर्षांनी कोरलेला. भाषा संस्कृत, राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. त्यात लिहिले आहे की, संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या गुजरातच्या सीमेवरच्या संजान परिसराचा, कारभार आधीच्या कृष्णराजाने ज्याच्याकडे सोपवला होता, त्या अधिकाऱ्याचे नाव मधुमती. तो सहियारहाराचा मुलगा, आणि ताजिक वंशाचा. ताजिक म्हणजे अरब.

मधुमती म्हणजे महंमद!

संस्कृत लिहिणाऱ्या त्या पंडिताची काय पंचाईत झाली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. दरबारातून हुकूम आला आहे, सुभेदाराचे नाव कोरायचे आहे, आणि नाव आहे महंमद. असा शब्द व्याकरणात बसत नाही. त्याचा अर्थ लागत नाही. मग त्याने कानाला जवळचा आणि जिभेला गोड असा शब्द शोधला. मधुमती! नाव बाईचे झाले याची फिकीर ना पंडिताने केली, ना सुभेदाराने. याच माणसाला ताम्रपटात सुगतिप असे दुसरेही नाव आहे. पण मधुमतीपुढे ते कुणाच्या लक्षात राहणार?

वर्गात हास्याचा जो स्फोट झाला, त्याने शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. मी त्यांनाही आत बोलावले. विमल रॉय यांचा 'मधुमती' हा १९५८चा चित्रपट त्यांच्या फार आवडीचा होता. मी म्हटले, "सर, तुमच्या 'मधुमती'चा नायकसुद्धा महंमदच. दिलीपकुमारांचे खरे नाव महंमद यूसुफ खान." ते म्हणाले, "म्हणजे नायक-नायिका दोघेही एकच?" आणि हसत निघून गेले.

पण या मधुमतीने काय काय केले ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्याने दोन ओढ्यांवर फुकट तरी चालू केली. तरी म्हणजे होडीतून उतारू पलीकडे नेण्याची सोय. खाडीकाठच्या माणसाला तिची किंमत सांगायला नको. आमच्या बागमांडला-वेश्वी तरीवर भरतीची वेळ चुकली की लग्नाची वऱ्हाडे ताटकळत बसलेली मी पाहिली आहेत. शिवाय त्याने अन्नछत्र उघडले. तिथे वाटसरूंना साळीच्या तांदळाचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. पदार्थांची यादी ताम्रपटातच आहे. मला वाटते, भात-कालवण-तूप ही कोकणची न्याहारी, जेवण आणि जीवनदृष्टी तांब्यावर कोरून ठेवणारा हा पहिलाच सुभेदार असावा.

पुढची गोष्ट याहून मोठी. अण्णैय नावाच्या एका ब्राह्मणाने संजानला देवीची मठिका बांधली. तिच्या खर्चासाठी या अरब सुभेदाराने राजाच्या संमतीने गाव आणि जमीन दिली. कशासाठी? मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य, आणि संजानच्या पंचगौडीय महापरिषदेतल्या नऊ जणांचे भोजन. ब्राह्मणाची मठिका, जैन-शैवांना आश्रय देणारा राष्ट्रकूट राजा, आणि देणगीचा हुकूम महंमदाचा. त्याच संजानला पारशीही येऊन वसलेले होते.

याचा कुणी गुलाबपाण्यात भिजवलेला अर्थ काढू नये. मधुमती हा काही सूफी संत नव्हता. आसपासच्या बंदरांचे ठाणेदार त्याने राष्ट्रकूटांच्या वतीने जिंकून घेतले आणि तिथे आपली माणसे बसवली, हेही त्याच ताम्रपटात आहे. बंदर म्हटले की जकात आली, जकात म्हटली की बळ आले. फुकट तरीवरून जो वाटसरू पलीकडे जाई, त्याच्या डोक्यावरच्या गाठोड्यात बाजाराचा माल असे, हे त्याला पक्के ठाऊक असणार. पण हिशेबी माणसानेही शेजाऱ्याच्या देवीला नैवेद्य लावावा, असा तो काळ होता. यात मला चमत्कार दिसत नाही. आमच्या गावचे पेशइमाम दरवर्षी होळीच्या आदल्या दिवशी लाकडे मोजून देत आणि पावती मागत. चमत्कार करणाऱ्यांपेक्षा पावती मागणारी माणसे जास्त दिवस शेजारधर्म पाळतात.

मधुमती एकटाही नव्हता. चिंचणीच्याच आणखी एका ताम्रपटात, शक ९५६च्या (इ.स. १०३४), संजानच्या प्रमुख व्यापाऱ्यांची नावे येतात. त्यांत अल्लीय आहे आणि मधुमत आहे. अली आणि महंमद. इथे निदान शेवटची वेलांटी तरी गेली. या खेपेस त्याच मठिकेला तेलाचा घाणा दान मिळाला. देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि आलेल्या विद्वानांच्या पायांना चोळण्यासाठी. पायी चालत आलेल्या पाहुण्याच्या पायाला तेल! शिक्षकांच्या बाबतीत ही प्रथा का बंद पडली, ते एकदा शोधले पाहिजे.

खाली गोव्यात गेले तरी तेच. कदंब राजा जयकेशी पहिला, त्याचा १०५३चा ताम्रपट. त्यात आधीच्या गुहल्लदेवाची हकीगत आहे. हा राजा समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला, वाटेत डोलकाठी मोडली, आणि गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला. तिथे त्याच्या मदतीला धावला तो एक गबर अरब व्यापारी. नाव? अर्थात महंमद, पण लिहिताना पुन्हा मधाच्या आसपासचे काहीतरी. त्याच्या नातवाला जयकेशीने पुढे मोठ्या अधिकारावर बसवले आणि जहाजांवरच्या करातून मशिदीचा खर्च चालवायची मुभा दिली. सोमनाथाला निघालेल्या राजाचे गलबत सावरणारा मुसलमान, ही बातमी आमच्या पाठ्यपुस्तकाच्या पानापर्यंत पोचली नाही. डोलकाठी बहुधा वाटेतच मोडली.

आणि प्रत्यक्ष सोमनाथाच्या दारात, वेरावळला, १२६४चा शिलालेख आहे. हुर्मुजच्या नूरुद्दीन फिरोज या नाखुद्याने तिथे मशीद बांधली, त्याचा. संस्कृतात तो नोरदीन पीरोज झाला आणि मशिदीची 'मिजिगिति' झाली. अल्लाहसाठी त्या लेखकाने विश्वनाथ हा शब्द वापरला. लेखाच्या सुरुवातीला साल चार पद्धतींनी दिले आहे : हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयाची ही पणजीच म्हणायची. मशिदीच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, पाणी, इमामाचा खर्च आणि खलाशांचे सणवार भागवून जे उरेल ते मक्का-मदिनेला पाठवावे, असेही त्यात आहे.

आता नावांच्या या गमतीबद्दल मला अधिकारवाणीने बोलता येते, कारण आमच्या घरात तिचा पुरावा आहे. माझे दादा, म्हणजे आजोबा, जहाजावर खलाशी होते. त्यांचे नाव इब्राहीम. गावात त्यांना सगळे इभराम म्हणत. बंदरावरच्या गोऱ्या साहेबाने नोकरीच्या पुस्तकात लिहिले अब्राहम. पुढे एका कारकुनाने त्याचे केले अभिराम. दादा निरक्षर. त्यांना वाटे, पगार मिळतोय ना, मग नाव काहीही असो. मुसलमान म्हणून जन्मलेले, यहुदी म्हणून बोटीवर चढलेले आणि हिंदू म्हणून निवृत्त झालेले आमचे दादा पाच वक्ताची नमाज कधी चुकले नाहीत. दादीला मात्र ते पसंत नव्हते. ती म्हणे, "मरणानंतर फरिश्ते नाव विचारतील तेव्हा कुठलं सांगणार?" स्वतः दादीचे नाव खदिजा. रेशनकार्डावर खतिजाबाय, आणि शेजारच्या भंडारणी तिला खतूवैनी म्हणत. गावात फातिमाची फातमा, हुसेनचा उसेन आणि मोहिद्दीनचा मैदीन झाला नाही असे एकही घर नव्हते.

आमचे यहुदी शेजारीही यातून सुटले नाहीत. बेने इस्राएलांत बेंजामिनचा बनाजी झाला, अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा समाजी आणि एलियाचा एलोजी. तेल गाळायचा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली करून टाकले. आडनावे तर सगळ्यांची एकाच साच्यातली : नवगावकर, रोहेकर, केहिमकर त्यांच्यात, आणि बाणकोटकर, तुंगेकर, दादरकर आमच्यात. या किनाऱ्याची ही खोडच आहे. जो येईल त्याचे नाव आधी मोडायचे, मग जोडायचे, मग मागे 'कर' लावायचा. एकदा 'कर' लागला की तो माणूस बाहेरचा राहत नाही.

पाहुण्यांच्या नावांप्रमाणे त्यांच्या पोटाचीही इथे परीक्षा होई. इब्न बतूता १३४२च्या सुमारास होन्नावरला आला. ते आज कर्नाटकात असले तरी किनारा तोच, आणि तिथल्या नवायतांची बोली आमच्या बोलीची चुलतबहीण. तिथे जमालुद्दीन नावाचा सुलतान होता आणि तो हरिहर राजाचा मांडलिक होता. इब्न बतूताने जेवणाचे वर्णन मन लावून केले आहे. आधी तांब्याच्या भांड्यातून भात, त्यावर तूप, बाजूला मिऱ्यांचे घोस, हिरवे आले, लिंबू आणि आंबा यांची लोणची. मग पुन्हा भात आणि कोंबडी. पुन्हा भात आणि मासळी. पुन्हा भात आणि भाजी. शेवटी दही आले की समजावे, आता काही येणार नाही. पावसाळ्यात थंड पाणी बाधते म्हणून वर ऊन पाणी.

माझ्या दादीच्या हातचे जेवण याच क्रमाने यायचे. पण पाहुणा होता मोरोक्कोचा, रोटीवर वाढलेला. एका मुक्कामात त्याने अकरा महिने रोटीचे तोंड पाहिले नाही. पुढे मालदीव, सिलोन, मलबार असे हिंडताना तीन वर्षे नुसता भात. शेवटी, तो लिहितो, पाण्याचा घोट घेतल्याशिवाय घास खाली उतरेना! सुलतान, वजीर, चाचे, जहाजफुटी यांना न डगमगलेला हा माणूस भातापुढे हरला.

त्याच होन्नावरबद्दल त्याने लिहिलेली दुसरी नोंद मी दरवर्षी पालकसभेत वाचून दाखवत असे. तिथल्या बायका नाकात सोन्याची नथ घालतात, त्या सगळ्यांना कुराण मुखोद्गत आहे, आणि त्या एका गावात मुलींच्या तेरा शाळा आहेत नि मुलांच्या तेवीस. असे आपण दुसरीकडे कुठे पाहिले नाही, असेही तो म्हणतो. ज्या वर्षी पालकसभेत हे वाचले, त्या वर्षी दहावीत मुलींचे अर्ज दोन-तीन जास्त येत. हा निव्वळ योगायोग असेल. मी मात्र वाचणे सोडले नाही.

शेवटचा पाहुणा रशियाचा. अफनासी निकितीन १४६९ मध्ये चौलला उतरला, बरोबर विकायला एक घोडा घेऊन. त्या काळी चौल-दाभोळला अरबी घोड्यांना सोन्याचा भाव होता, कारण इथे चांगला घोडा निपजत नसे. निकितीनची नोंदवही म्हणजे आश्चर्यचिन्हांची रांग आहे. लोक उघडे फिरतात, डोक्यावर काही घेत नाहीत, केसांची एक वेणी घालतात, आणि मी जाईन तिथे गर्दी मागे लागते, गोरा माणूस बघायला. पुढे जुन्नरला पाऊस लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. त्याने त्याला हिवाळा म्हटले आहे. रशियन माणसाला घराबाहेर पडू न देणारा ऋतू म्हणजे हिवाळाच, त्याचा काय दोष? इथे घोड्यांना वाटाणे आणि साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, असेही त्याने टिपले आहे.

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि सांगितले, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. निकितीन हवालदिल झाला. तेव्हा महंमद नावाच्या एका खुरासानी सरदाराने मध्ये पडून घोडा सोडवून दिला, धर्म न बदलता. जबरदस्ती करणारा खान मुसलमान होता आणि सोडवणाराही मुसलमान होता. दोन्ही गोष्टी वर्गात सांगाव्यात, एक गाळून दुसरी सांगू नये, असे माझे मत आहे.

गंमत अशी की, निकितीनला इथे कुणी अफनासी म्हणत नव्हते. तो ख्वाजा यूसुफ खुरासानी या नावाने वावरत होता. मोडायचे नि जोडायचे ते काम याच्याही बाबतीत झाले होते. तीन वर्षांनी दाभोळहून दोन मोहरा देऊन तो हुर्मुजला जाणाऱ्या जहाजात बसला. जहाज भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागले आणि भात, मिरे नि रोट्या वाटून सुटका करून घ्यावी लागली. गावी पोचण्याआधीच तो वारला, पण वही पोचली. त्या वहीच्या शेवटी या ख्रिस्ती माणसाने केलेली प्रार्थना आहे, ती अरबी, फारसी, तुर्की अशा सरमिसळ भाषेत. त्याच्यावर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांबरोबर 'परदेसी' हा चित्रपट काढला.

सोमवारचा तो तास असा संपला. घंटा झाली तरी मुले उठली नाहीत, ही माझ्या नोकरीतली मोजक्या वेळा घडलेली गोष्ट. त्याचा परिणाम मात्र मला अपेक्षित नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सगळी शाळा त्या महंमदला मधुमती म्हणू लागली. सुकट वाटून खाणारा दोस्त सगळ्यांत पुढे. आठवड्याने पोराची आई शाळेत आली. बुरख्याचा पडदा मागे टाकून म्हणाली, "मास्तर, पोराचं नाव आम्ही नबीच्या नावावरनं ठेवलंय. तुम्ही बाईचं काय केलंत?"

मी त्यांना बसवून ताम्रपट, सुभेदार, फुकट तर, अन्नछत्र, सगळे सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी विचारले, "भातावर तूप पण फुकट द्यायचा?"

"हो, ताम्रपटात लिहिलंय."

"मग असू दे," असे म्हणून त्या उठल्या.

तो मुलगा पुढे जहाजाच्या इंजिनात कामाला लागला. वर्षातून आठ महिने पाण्यावर असतो. लग्नाला मला बोलावले तेव्हा पत्रिकेवर नाव बरोबर छापले होते, पण मांडवात त्याच दोस्ताने सगळ्यांदेखत मधुमती म्हणून हाक मारली आणि वधूपक्ष गडबडला. दर ईदला कुठल्या ना कुठल्या बंदरातून त्याचा फोन येतो. गेल्या ईदला ओमानमधून आला. मागे भोंगा वाजत होता, नीट ऐकू येत नव्हते.

"कोण?" मी ओरडून विचारले.

"सर, मी मधुमती बोलतोय. म्हसळ्याचा."